छोटं पिस्तूल घ्यायचंय, पण नेमकं किती छोटं?

मनवा

नमस्कार मंडळी. विषय इथे नेहमीचा नाही, कल्पना आहे. पण इंग्रजी फोरमवर विचारलं तर पहिल्या दहा उत्तरांत बारा मॉडेलं सांगतात आणि "बाई, तुझा हात केवढा?" हे एकही जण विचारत नाही.

पार्श्वभूमी सांगते. टेक्सासमध्ये बारा वर्षं झाली. मी आणि नवरा दोघेही ग्रीन कार्डवर. घरात आठ वर्षांचा मुलगा. आमची स्वतःची लहानशी फार्मसी आहे आणि रात्री नऊला ती बहुतेकदा मी एकटीच बंद करते. गेल्या महिन्यात बंद करताना एक माणूस माझ्या गाडीच्या आडोशाला उभा होता. त्याने काही केलं नाही. माझी किल्ली तीन वेळा कुलपावरून घसरली, एवढंच. नंतर कॅमेरे वाढवले, मागचा दिवा बदलला, आणि निघताना शेजारच्या टायरवाल्याला फोन लावून ठेवते. हे सगळं करून झाल्यावर, चार आठवडे विचार करून, मी पिस्तूल जवळ बाळगायचं ठरवलंय.

माझी उंची पाच फूट एक इंच, हात लहान, दिवसभर स्क्रब्ज म्हणजे नाडीची पँट, पट्टा नाही. दुकानात गेले तर काउंटरवरच्या माणसाने माझ्याकडे एकदा बघितलं आणि थेट रुगर एलसीपी काढून ठेवलं. मोबाइलएवढं आहे. "पर्समध्ये पडून राहील, कळणारही नाही" म्हणाला.

प्रश्न:
१. एवढंसं पुरतं का?
२. गोळी .३८० ची की ९ एमएमची?
३. पर्समध्ये ठेवणं बरं की अंगावर?
४. माझा भाऊ एच-१बीवर ह्यूस्टनला आहे. कॉलेजात एनसीसीत नेमबाजी केलेली. त्याला घेऊन येत्या शनिवारी रेंजवर जाणार आहे, तिथे काय काय भाड्याने घेऊन बघू?

"मुळात हवीच कशाला" यावर कृपया वेगळा धागा काढावा. तिथे येऊन वाद घालेन, नक्की.

निवांत_पोपट

धागा शंभरी गाठणार. खुर्ची टाकून बसलोय.

डोंगरवाट

ताई, मी शनिवार-रविवार आमच्या इथल्या रेंजवर सेफ्टी ऑफिसर म्हणून उभा असतो. तुमच्या दुकानदाराने जे केलं त्याचा पुढचा अंक मी दर आठवड्याला बघतो. बाई दिसली की काउंटरखालून सगळ्यात चिमुकलं पिस्तूल निघतं. ती ते घेऊन रेंजवर येते, दोन मॅगझिन (गोळ्यांच्या पेट्या) झाडते, तळहात चोळत बाहेर पडते. पुन्हा काही दिसत नाही. पिस्तूल कपाटात.

गोळी जेवढ्या रेट्याने पुढे जाते तेवढाच रेटा मागे येतो. तो आधी पिस्तुलाच्या वजनात जिरतो, उरलेला तुमच्या हातात. एलसीपी रिकामं पावणेतीनशे ग्रॅमच्या आसपास. जिरायला तिथे काही नाहीच. वर मूठ दोन बोटांची, करंगळी हवेत. म्हणून .३८० सारखी तुलनेने सौम्य गोळीसुद्धा त्यातून सणसणीत लागते.

दुसरी गोष्ट काउंटरवर कळत नाही. पिस्तूल लहान झालं की स्लाइड, म्हणजे गोळी आत घ्यायला मागे ओढायचा वरचा भाग, हलकी होते आणि हलक्या स्लाइडला आवरायला स्प्रिंग कडक लागते. त्यामुळे लहान पिस्तुलाची स्लाइड मागे ओढायला सहसा जड जाते आणि मोठ्याची सोपी. बहुतेकांना हे उलटं वाटतं. त्यात धरायला जागाही कमी.

तिसरं, पुढची आणि मागची साइट (नेम धरायची खूण) जितकी जवळ तितकी नेमातली चूक डोळ्याला कमी दिसते. कागदावर मात्र दिसते.

आता लपवण्याचं. लपवायला त्रास देते ती मूठ, नळी नव्हे. नळी पँटच्या आत खाली जाते, ती अर्धा-पाऊण इंच लांब असली तर कुणाच्या बापाला कळत नाही. मूठ मात्र बाहेर राहते आणि वाकलात की शर्टावर तिचा उठाव उमटतो. त्याला इथे 'प्रिंटिंग' म्हणतात. म्हणजे जाडी आणि मुठीची लांबी बघा, नळीच्या इंचांत अडकू नका.

थोडा इतिहास, कारण त्याशिवाय दुकानातली रांग कळत नाही. १९९४ च्या फेडरल कायद्याने नवीन मॅगझिनवर दहा गोळ्यांची मर्यादा आली. दहाच मिळणार तर धिप्पाड पिस्तूल का बाळगायचं, असा विचार लोक करू लागले आणि १९९५ मध्ये ग्लॉक २६ आलं. बुटकं, पण जाडजूड. लोक त्याला 'बेबी ग्लॉक' म्हणायचे. कायदा २००४ मध्ये संपला, लहान पिस्तुलांची सवय राहिली. मग आली सडपातळ पिढी: २०१२ चं स्मिथ अँड वेसनचं शील्ड, २०१५ चं ग्लॉक ४३. पातळ, पण ४३ मध्ये गोळ्या फक्त सहा. पातळपणा हवा की गोळ्या, एक काय ते ठरवा, असा मामला. २०१८ मध्ये सिगने पी३६५ काढलं आणि हा तिढा सुटला. मॅगझिनच्या पोटात गोळ्या आडव्यातिडव्या दोन रांगांत, वर निमुळतं होत एका रांगेत. जाडी जेमतेम एक इंच, गोळ्या दहा. पुढच्या वर्षी स्प्रिंगफील्डचं हेलकॅट अकरा घेऊन आलं, २०२१ मध्ये शील्ड प्लस. आज तुम्ही ज्यातून निवडणार आहात ते बहुतेक सगळं २०१८ पासूनचं आहे.

रेंजवर भाड्याने घ्या: पी३६५, ग्लॉक ४३एक्स, शील्ड प्लस, आणि स्मिथचंच शील्ड ईझी. ते एलसीपी पण घ्या. पाचच गोळ्या मारा, पण मारा. मी सांगून पटणार नाही, तुमचा तळवा सांगेल.

कायद्याचा_कीडा

मनवाताई, मुद्दा ४ आधी. शनिवारच्या आत वाचा.

एच-१बी, एच-४, एफ-१, एल-१ हे सगळे नॉन-इमिग्रंट व्हिसा. फेडरल कायद्याप्रमाणे, कलम १८ यूएससी ९२२(जी)(५), नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूक काय, एक काडतूसही ताब्यात ठेवता येत नाही. अपवाद आहेत. आपल्या लोकांच्या उपयोगाचा एकच: कुठल्याही राज्याचा चालू शिकार परवाना. 'ताबा' म्हणजे मालकी नव्हे. रेंजवर भाड्याचं पिस्तूल हातात घेतलं तरी ताबा. आणि टेक्सासचा कायदा काय म्हणतो हे इथे गैरलागू, कारण हा फेडरल गुन्हा आहे.

रेंजवाले विचारतीलच असं नाही. टीमच्या पार्टीला अख्खं ऑफिस रेंजवर जातं, निम्मे एच-१बी, आणि फोटो फेसबुकवर. मी अशा फोटोंखाली लाइक देत नाही, फोन करतो. कुणाला तुरुंगात टाकल्याची गोष्ट सांगून घाबरवत नाही, पण ग्रीन कार्डच्या अर्जाच्या वेळी हे उत्तर द्यावं लागलं तर काय, एवढा विचार करा.

ग्रीन कार्डवाल्यांना फेडरल आडकाठी नाही. दुकानात खरेदीचा फॉर्म ४४७३ भरताना एलियन नंबर द्यावा लागेल. ते कार्ड आणि राज्याचं ओळखपत्र, दोन्ही घेऊन जा.

आणखी एक. भाऊ तुमच्याकडे राहायला येत असेल तर पिस्तूल त्याला उघडता येणार नाही अशाच तिजोरीत हवं. आकडा त्याला सांगू नका. राग यायचं कारण नाही, त्याच्याच भल्याचं आहे.

मनवा

बापरे. एनसीसीचा एवढा अभिमान आहे त्याला. बरं झालं विचारलं. त्याला फोन केला. तो म्हणतो काचेच्या पलीकडे बसून कॉफी पिईन.

सदू_मास्तर

वेगळा धागा काढा म्हणालात तरी एक प्रतिसाद देऊन जातो. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. आडोशाला उभा असलेला माणूस एकदा येतो, घरातली बंदूक रोज घरात असते. वाईट दिवस घरातल्या कुणाचाही येऊ शकतो, आणि मुलगा आठाचा सोळाचा होणार आहे. भांडायला आलेलो नाही. आयुष्यभर शाळेत मुलांना बघत आलो म्हणून लिहिलं.

मनवा

मास्तर, राग नाही. आकडा खरा आहे, आणि नवऱ्याचं-माझं पहिलं भांडण यावरच झालं. ठरलं ते असं: आधी तिजोरी, मग पिस्तूल. तिजोरी भिंतीला बोल्टने पक्की, आकडा फक्त आम्हा दोघांना. मुलाचा वाढदिवस हा आकडा नाही. (नवऱ्याने आधी तोच ठेवला होता!)

निवांत_पोपट

सगळ्यांच्या तिजोऱ्यांचे आकडे आत्ता बदलले असणार.

शलाका_एनजे

टेक्सासवाल्यांचं वाचून हेवा वाटतो आणि थोडं हसूही येतं. आमच्याकडे न्यू जर्सीत २०२२ पर्यंत सामान्य माणसाला कॅरी परमिट मिळणं जवळजवळ अशक्यच होतं. 'जस्टिफाएबल नीड' दाखवा म्हणायचे. त्या जूनमध्ये सुप्रीम कोर्टाचा ब्रुएन निकाल आला आणि ती अट गेली. मी त्यानंतर अर्ज केला. तरी इथे मॅगझिन दहाचंच. त्यामुळे हेलकॅटचं तेरा की शील्ड प्लसचं तेरा हा वाद आमच्यासाठी पुस्तकी. दहाच घ्यायच्या तर दहात जे सगळ्यात आटोपशीर ते घ्या, म्हणजे १९९५ चाच हिशेब.

आणि गोळ्या! हॉलो पॉइंट, म्हणजे नाकात खळगा असलेली गोळी, घरात ठेवायला चालते, रेंजवर न्यायला चालते, पण अंगावर घेऊन फिरायला आमच्यासारख्या साध्या परमिटवाल्यांना नाही. खळग्यात पॉलिमर भरलेल्या काही गोळ्या राज्य पोलीस हॉलो पॉइंटमध्ये धरत नाहीत, त्या बाळगतो आम्ही.

टेक्सासचं लायसन्स घेऊन कुणी आमच्याकडे लग्नाला येत असेल तर पिस्तूल घरीच ठेवून या. न्यू जर्सी दुसऱ्या कुठल्याही राज्याचं परमिट मानत नाही. न्यू यॉर्क आणि कॅलिफोर्नियाही नाही.

कायद्याचा_कीडा

+१. टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून पात्र माणसाला लायसन्सशिवायही बाळगता येतं. तरी ताई, लायसन्स काढाच. फी ४० डॉलर, चार ते सहा तासांचा वर्ग, ५० गोळ्यांची परीक्षा तीन, सात आणि पंधरा यार्डांवरून, २५० पैकी १७५ गुण लागतात. फायदा असा की बरीच राज्यं ते मानतात. शिवाय शाळेपासून हजार फुटांत बंदूक नको, या फेडरल नियमातून सूट फक्त लायसन्सधारकाला, आणि मुलाला शाळेत सोडता म्हणजे तुम्ही त्या हजार फुटांत रोज असता.

टेक्सासच्या कायद्यातल्या कलम ३०.०६ ची पाटी दिसली की तिथे लायसन्सवाल्यांनीही लपवून न्यायचं नाही. लाल ५१ टक्क्यांची पाटी म्हणजे बार, तिथे तर अजिबात नाही. पोस्टातही नाही, आणि पोस्टाचा पार्किंग लॉटसुद्धा पोस्टाचाच.

आबा_पेन्सिल

वय ७४, बोटांना संधिवात. माझ्याकडे वीस वर्षांपासून स्मिथचं ६४२ रिव्हॉल्व्हर. पाच गोळ्या .३८ स्पेशलच्या, घोडा आत झाकलेला, खिशातून काढताना कशात अडकत नाही. स्लाइड ओढायची भानगड नाही. मला सगळे सांगायचे, रिव्हॉल्व्हर म्हणजे सोपं. आहे सोपं, भरायला आणि रिकामं करायला. मारायला नाही. ट्रिगर इतका लांब आणि जड की दाबता दाबता नळी डावीकडे पळते. हलकंही आहे, त्यामुळे धक्का डोंगरवाट म्हणतात तसाच.

गेल्या वर्षी बोटांनी अंग टाकलं तेव्हा शील्ड ईझी घेतलं, .३८० मधलं. स्लाइड दोन बोटांच्या चिमटीत मागे येते. मुठीच्या मागे दाबपट्टी आहे, ती नीट पकडीत आली तरच चालतं. ६४२ पेक्षा बरंच मोठं आहे. पण माझे शर्ट ढगळ असतात आणि माझ्याकडे बघतो कोण!

.३८० ला नावं ठेवणाऱ्यांनी माझ्या बोटांनी ९ एमएम झाडून दाखवावी.

डोंगरवाट

आबा, दंडवत.

गोळीचं एवढंच. एफबीआयने १९८६ च्या मायामीच्या चकमकीनंतर गोळ्या तपासायची पद्धत बसवली. जिलेटिनच्या ठोकळ्यात, वर जाड कापड घालून, गोळी किमान १२ आणि जास्तीत जास्त १८ इंच आत जावी. आखूड नळीतून सुटलेल्या .३८० ची पंचाईत अशी की खळगा उघडला तर ती बऱ्याचदा १२ च्या आतच थांबते, नाही उघडला तर पार निघून जाते. ९ एमएममध्ये दोन्ही साधायला जागा आहे. खुद्द एफबीआय .४० सोडून ९ एमएमवर परत आली. म्हणून हाताला झेपत असेल तर ९. नसेल तर नीट लागणारी .३८०. न लागणाऱ्या नऊचा उपयोग शून्य.

मनवा

रेंजचा वृत्तांत. लांबलाय, घाई असलेल्यांनी शेवटचा परिच्छेद वाचावा.

भाऊ खरोखर काचेपलीकडे बसला. आधी शिकवणाऱ्या बाईंनी अर्धा तास रिकाम्या पिस्तुलावर घेतला. माझी पहिली चूक स्लाइडचीच. डाव्या हाताच्या दोन बोटांनी ओढत होते, येईना, आणि ओढता ओढता नळी शेजारच्या लेनकडे वळायला लागली. बाईंनी मनगट धरून सरळ केलं. म्हणाल्या, ओढू नकोस. डावा पंजा वरून घट्ट बसव, स्लाइड जागच्या जागी धर आणि उजव्या हाताने पिस्तूल पुढे ढकल, दार ढकलल्यासारखं. पहिल्याच झटक्यात सरकली! नवरा जागेवर उभ्या उभ्या टाळ्या वाजवायला लागला, तेवढ्यात त्याला गप्प केलं.

एलसीपी. पाच म्हणालात, मी चार मारल्या. दुसऱ्या गोळीला अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या बेचक्यात कुणी पट्टी मारल्यासारखं झालं. तिसरी मारताना गोळी सुटायच्या आधीच डोळे मिटले, हे मला बाईंनी सांगितलं. चौथी कागदाला लागलीच नाही. सात यार्डांवरून!

पी३६५. हातात धरल्यावर एकदम बरं वाटलं, लहान हाताला मूठ बरोबर. दहातल्या सात गोळ्या बशीएवढ्या जागेत. पण पंचवीसनंतर करंगळी मुठीच्या खालच्या कडेला घासून लाल.

ग्लॉक ४३एक्स. मूठ लांब, तिन्ही बोटं बसतात. छान लागलं. पण माझी तर्जनी ट्रिगरवर नुसत्या टोकाने पोचते आणि दाबताना गोळ्या डावीकडे.

शील्ड प्लस. ट्रिगर सगळ्यात आवडला. स्लाइड मात्र दमवते.

आणि मग त्या बाईंनी न मागता एक आणून दिलं: पी३६५एक्सएल. तेच पिस्तूल, नळी ३.७ इंच, मूठ थोडी लांब, बारा गोळ्या. मोठं घ्यायचं म्हणून मी आधी नाहीच म्हणत होते. दुसऱ्या मॅगझिनला माझ्या लक्षात आलं की मी डोळे मिटत नाहीये. कागद घरी आणलाय, फ्रिजवर लावू का विचारलं तर नवरा म्हणाला, सदू मास्तर काय म्हणतील.

थोडक्यात: दुकानातून सगळ्यात छोटं घ्यायला निघाले होते, परत आले ती पाहिलेल्यांतलं मधलं आवडून. स्क्रब्जमध्ये ते लपवायचं कसं, हा आता नवा प्रश्न.

सदू_मास्तर

फ्रिजवर नको. बाकी तुमची मर्जी.

केतकी_ओक्लाहोमा

स्क्रब्जवाली मीपण, दंतवैद्य. मुद्दा ३ वर मी लिहिते, कारण पुरुषांना पट्टा नसणं म्हणजे काय ते कळत नाही.

पर्स नको. पर्स आपण खाली ठेवतो, खुर्चीला लावतो, ट्रॉलीत ठेवतो, कुणाच्या हातात देतो. २०१४ च्या डिसेंबरमध्ये आयडाहोत एका वॉलमार्टमध्ये दोन वर्षांच्या मुलाने ट्रॉलीत बसल्या बसल्या आईच्या पर्समधलं पिस्तूल काढलं आणि आई जागच्या जागी गेली. तिच्याकडे लायसन्स होतं, पर्सला पिस्तुलाचा वेगळा चेनचा कप्पा होता. मी हे वाचलं त्या दिवशी माझी तसली पर्स फेकली. शिवाय चोराला हवी असते ती पर्सच.

अंगावरच. लवचीक कापडाचा पोटपट्टा स्वस्त मिळतो, पण ज्याच्यात ट्रिगर नुसत्या कापडाने झाकला जातो असा घेऊ नका. बाहेरून दाबलं तर ट्रिगर दाबला जाता कामा नये. मी कायडेक्सचं, म्हणजे कडक प्लास्टिकचं होल्स्टर वापरते, ते एका स्वतंत्र पातळ पट्ट्यावर बसतं. पट्टा कातडीवर, पँटशी त्याचा संबंध नाही, वरून नाडीची पँट आणि टॉप. पहिले दोन आठवडे घामाने पुरळ आलं. आत पातळ बनियन घालते, थांबलं.

होल्स्टर घेताना नेमक्या मॉडेलचंच घ्या. 'सगळ्याला बसतं' लिहिलेलं कशालाच बसत नाही. आणि परत आत ठेवताना घाई करू नका. काढताना एक वेळ घाई असेल, ठेवताना कधीच नसते. टॉपची कड, नाडीची गाठ, काहीही ट्रिगरशी अडकू शकतं. मी आधी होल्स्टर पट्ट्यावरून काढते, पिस्तूल टेबलावर त्यात बसवते, मग दोन्ही एकदम घालते. हळू आहे, पण चालतं.

डोंगरवाट

वा, शेवटचा परिच्छेद छापून रेंजवर लावावा असा.

एक्सएलच घ्या ताई. घेतल्यावर दोनेकशे गोळ्या झाडल्याशिवाय भरवसा ठेवू नका, त्यात ज्या बाळगणार आहात त्या गोळ्याही थोड्या झाडा. हॉलो पॉइंट महाग असतात म्हणून लोक हे टाळतात आणि मग नेमकी तीच गोळी आत सरकताना अडते.

रिकाम्या पिस्तुलावर घरी सराव करायचा तर गोळ्या दुसऱ्या खोलीत. पुन्हा एकदा रिकामं आहे का बघा, गोळी बसते त्या खोबणीत बोट घालून बघा.

आणि एक बारीक गोष्ट जी कुणी सांगत नाही. तुम्ही रोज रात्री पिस्तूल रिकामं करणार आणि सकाळी तीच वरची गोळी पुन्हा आत घालणार. दरवेळी तिचं नाक धातूवर आपटतं आणि शिसं काडतुसात कणाकणाने मागे दबत जातं. जास्त दबली तर झाडताना आतला दाब धोक्याइतका वाढतो. शेजारी नवी गोळी उभी करून उंची बघत जा. बुटकी दिसली की बाजूला काढा. त्याहून बरं म्हणजे रोज रिकामं करूच नका. होल्स्टरसकट भरलेलं तिजोरीत.

मनवा

घेतलं. एक्सएल. फॉर्म भरायला वीस मिनिटं, त्यातली दहा मी प्रत्येक प्रश्न दोनदा वाचण्यात घालवली. पार्श्वभूमी तपासणीचं उत्तर तासाभराने आलं, तोवर दुकानातल्या खुर्चीत बसून राहिले. काउंटरवर तोच माणूस होता. म्हणाला, हे तुम्हाला मोठं होईल. मी म्हटलं, बघू.

गेले नऊ दिवस घरात रिकामं पिस्तूल होल्स्टरमध्ये घालून वावरतेय. कपडे वाळत घालणं, खालच्या कप्प्यातून औषधं काढणं, मुलाच्या बुटाची लेस. वाकल्यावर उमटतं ते फक्त आकाशी टॉपमध्ये, गडद निळ्यात नाही. आकाशी टॉप आता घरी. दोनशेपैकी एकशे ऐंशी गोळ्या झाल्या, अजून अडकलं नाही. लायसन्सचा वर्ग रविवारी. तोपर्यंत दुकान बंद करताना टायरवाला फोनवर आहेच, आणि खरं सांगते, तो नंतरही राहणार.

डोंगरवाट

अभिनंदन. अवांतर: रेंजवर कुठली बॅग नेता?

मनवा

जुनी काळी पाठीवरची सॅक. का? ती आता भावाला देतेय, परवा पुण्याला चाललाय, लॅपटॉपसाठी हवीय त्याला.

कायद्याचा_कीडा

देऊ नका!

देणारच असाल तर प्रत्येक कप्पा उलटा करा. भारतात विमानतळावर बॅगेत एक जिवंत काडतूस सापडलं तरी आर्म्स अ‍ॅक्टचं कलम २५ लागतं. अमेरिकेतून आलेल्या लोकांच्या बाबतीत हे वारंवार होतं: रेंजला नेलेली बॅग, तळाशी विसरलेली एक गोळी, इथल्या स्कॅनरमधून सुटलेली, आणि परतताना मुंबई किंवा दिल्लीच्या स्कॅनरला दिसलेली. काडतूस बॅगेत आहे हे माणसाला ठाऊक असायला हवं, ठाऊक नसताना गुन्हा होत नाही, असं कोर्ट मानतं. पण ते कोर्टात गेल्यावर. तोवर विमान गेलेलं, पासपोर्ट अडकलेला. आणि तुमचा भाऊ एच-१बीवर. इथे सापडलं तरी त्याचंच मरण.

मनवा

बघितली आहे मी. सगळे कप्पे रिकामे आहेत.

थांबा, पुन्हा बघते.

निवांत_पोपट

खुर्चीतून उठलोय.

मनवा

सापडली. एक. बाटलीच्या कप्प्याच्या आतलं अस्तर शिवणीत उसवलंय, त्यातून खाली घसरून तळाच्या पुठ्ठ्याखाली. वरून चाचपलं तर हाताला लागत नाही. पुठ्ठा काढून झटकली तेव्हा फरशीवर टण्‌ वाजली. भाऊ शेजारीच उभा होता, उचलायला वाकला आणि मी अशी ओरडले की मुलगा वरून पळत खाली आला.

गोळी तिजोरीत ठेवली. भावाला नवी बॅग घ्यायला निघालोय.